इव्हान्स गॅम्बिट: बी४ वरचे प्यादे घ्यावे की सोडावे, आणि ही चाल आली कुठून?

लेकीचा बाबा, धरमपेठ

नमस्कार. माझी मुलगी बारा वर्षांची असून गेली तीन वर्षे बुद्धिबळ शिकत आहे. मागच्या रविवारी वर्धा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात मुलांची स्पर्धा होती. तिथे चौथ्या फेरीत तिच्याकडे काळी मोहरी होती आणि एकविसाव्या चालीला तिच्यावर मात झाली. हरण्याचे दुःख नाही, ते या खेळात चालायचेच. मला छळतो आहे तो त्या डावाचा प्रकार.

सुरुवात अगदी नेहमीची होती (अक्षर पटाची उभी रांग सांगते, आकडा आडवी; प्रत्येक क्रमांकात आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची): १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ उंट सी५. चौथ्या चालीला समोरच्या मुलाने बी२ वरचे प्यादे दोन घरे पुढे सरकवून थेट तिच्या उंटाच्या तोंडी दिले. तिने ते घेतले. मग ५. सी३ उंट ए५ ६. डी४, तेही तिने ई प्याद्याने घेतले, ७. पांढऱ्याचे कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कोपऱ्याकडे नेणे), आणि तिने सी३ वरचे प्यादेही घेतले. सात चालींत तीन प्यादी फुकट मिळाली होती. तिची स्कोअरशीट माझ्यासमोर आहे. पहिल्या आठ चालींचे अक्षर टपोरे आहे आणि घेतलेल्या प्रत्येक प्याद्यापुढे तिने एक बारीक टिंब दिले आहे. आठव्या चालीला पांढऱ्याचा वजीर बी३ वर आला, तिने वजीर एफ६ वर आणला, नवव्या चालीला ई५ आले आणि वजीर जी६ वर गेला. तिथून पुढे टिंबे नाहीत आणि अक्षर रेघेखाली घसरत जाते. तिचा राजा शेवटपर्यंत ई८ वरच होता.

तिच्या प्रशिक्षकांनी या सुरुवातीला इव्हान्स गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे फायद्यासाठी मुद्दाम प्यादे देऊ करणे) म्हणतात एवढे सांगितले आणि ते प्यादे घेऊच नकोस असा सल्ला दिला. मी स्वतः सोंगट्या कशा चालतात यापलीकडे फारसे जाणत नाही, त्यामुळे जाणकारांना विचारतो की ते प्यादे खरोखरच विषारी आहे का, आणि घेतल्यावर सुटका होत नाही असे काही आहे का. दुसरा प्रश्न लेकीचा आहे आणि तो तिच्याच शब्दांत देतो: "हा इव्हान्स कोण होता, आणि त्याने पहिल्यांदा असं केलं तेव्हा समोरच्याचं काय झालं?"

जुना स्पर्धक, सीताबर्डी

बाबासाहेब, आपण चाली नीट उतरवून दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. ते प्यादे विषारी नाही. ते बिनदिक्कत घेता येते आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षे उत्तमोत्तम खेळाडू ते घेत आले आहेत. चूक चौथ्या चालीला झालेली नाही. ती सातव्या चालीला झाली.

मुलीला पट मांडायला सांगा आणि पहिल्या सात चालींत काळ्याने कोणते मोहरे किती वेळा हलवले ते तिच्याकडूनच मोजून घ्या. ई प्यादे तीनदा हलले: ई५, मग डी४ वर, मग सी३ वर. उंटही तीनदा हलला: सी५, बी४, ए५. घोडा एकदा. झाल्या सात चाली. म्हणजे सात चालींच्या अखेरीस एक घोडा आणि पटाच्या कडेला गेलेला एक उंट वगळता तिची सगळी फौज घरात झोपलेली होती. पांढऱ्याने याच सात चालींत घोडा काढला, उंट काढला, मधली फळी मोकळी केली आणि राजा सुरक्षित कोपऱ्यात नेला. गॅम्बिटचा सौदा हाच असतो. प्यादे देऊन वेळ विकत घ्यायचा. तिने तीन प्यादी मोजली ते बरोबरच होते, पण त्यांची किंमत चालींमध्ये चुकवली गेली हे टिंबांत दिसत नाही.

या सौद्याचे तपशीलही तिला दाखवा, कारण ते सुंदर आहेत. बी प्यादे गेल्यामुळे पांढऱ्याच्या काळ्या घरांवरच्या उंटाला ए३ हे घर मिळते, आणि तिथून तो एफ८ पर्यंतची तिरकी रेघ धरून बसतो, म्हणजे काळ्याच्या कॅसलिंगच्या वाटेवरच पहारा देतो. पाचव्या चालीचे सी३ उंटाला हुसकावते आणि त्याच वेळी डी४ ची तयारी करते, एका चालीत दोन कामे. बी३ वर आलेला वजीर आणि सी४ वरचा उंट दोघे मिळून एफ७ वर डोळा ठेवतात, आणि ते घर सुरुवातीला राजाखेरीज कोणीच राखत नाही.

तिसरे प्यादे घेण्याचा मोह मोठ्यांनाही आवरलेला नाही. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये बॉबी फिशर आणि रूबेन फाइन यांच्यात झालेल्या एका अनौपचारिक डावात फाइनने सातव्या चालीला नेमके हेच केले, सी३ वरचे प्यादे घेतले. फाइन हा एकेकाळी जगातल्या अग्रगण्य खेळाडूंत गणला जाई. तो डाव सतरा चालींत संपला. शेवटच्या चालीला फिशरने आपला वजीर जी३ वर, काळ्या वजिराच्या थेट तोंडी ठेवला. काळ्याने तो घेतला असता तर पांढऱ्याचा उंट एफ६ वर येऊन मात होती. हा डाव लेकीला पटावर दाखवा, म्हणजे ती एकटीच या खड्ड्यात पडलेली नाही हे तिला कळेल.

आता सुटकेबद्दल. माझ्या मते सर्वांत शहाणा मार्ग जगज्जेता इमॅन्युएल लास्कर याच्या नावाने ओळखला जातो. प्यादे घ्यावे, उंट ए५ वर न्यावा, पण ६. डी४ ला घेण्याऐवजी शांतपणे डी६ खेळावे, आणि ७. कॅसलिंग नंतर उंट बी६ वर आणावा. यात काळा म्हणतो की प्यादे हवे असेल तर परत घे, मला त्याचा हव्यास नाही. समजा पांढऱ्याने ८. प्याद्याने ई५ घेतले, तर काळाही डी प्याद्याने ते घेतो, मग वजिरांची अदलाबदल होते आणि घोडा ई५ वरचे प्यादे टिपतो. प्यादी समसमान झाली. पण वजीर गेल्यामुळे हल्ल्यातली हवा गेली, आणि पांढऱ्याची ए२ व सी३ वरची प्यादी आजूबाजूला आधार नसलेली, एकटी राहिली. आक्रमणासाठी ज्याने बी प्यादे दिले त्याला आता साठ चालींचा रटाळ शेवट खेळावा लागतो.

प्यादे न घेण्याचा प्रशिक्षकांचा सल्लाही चुकीचा नाही. ४... उंट बी६ (तीन ठिपके म्हणजे ही काळ्याची चाल) ही सरळ आणि मजबूत चाल आहे, फक्त ५. ए४ आले की उंट ए५ ने कोंडला जाऊ नये म्हणून ए प्यादे हलवून त्याला जागा करून द्यायची एवढे ध्यानात ठेवावे. पण बारा वर्षांच्या मुलीने न घेण्यापेक्षा घेऊन योग्य वेळी परत करायला शिकावे असे मला मनापासून वाटते.

निवृत्त शिक्षक, महाल

लेकीचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण चालीमागचा माणूस कोण हे विचारणारी मुले आता कमी भेटतात.

विल्यम डेव्हिस इव्हान्स हा वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरचा. जन्म १७९०. पेशाने तो बुद्धिबळपटू नव्हता, दर्यावर्दी होता. लहान वयात समुद्रावर गेला, पुढे टपाल खात्याच्या नोकरीत आला आणि वेल्सच्या मिलफर्ड हेवन बंदरातून आयर्लंडमधल्या वॉटरफर्डला टपाल नेणाऱ्या बोटीचा कप्तान झाला. बुद्धिबळ तो तिशीच्या उंबरठ्यावर शिकला. आजकाल सहा वर्षांच्या मुलालाही उशीर झाला असे म्हणणाऱ्या पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. हा गॅम्बिट त्याने १८२० च्या दशकात रचला आणि लंडनला आल्यावर तो अलेक्झांडर मॅकडॉनेल याच्याविरुद्ध वापरला. मॅकडॉनेल मूळचा बेलफास्टचा आणि त्या काळच्या इंग्लंडमधल्या सर्वांत बलवान खेळाडूंपैकी एक.

"समोरच्याचं काय झालं" याचे उत्तर: विसाव्या चालीला मात झाली. आपल्या मुलीने मॅकडॉनेलपेक्षा एक चाल जास्त टिकाव धरला, हे तिला अवश्य सांगा.

त्या डावात एक गंमत आहे. इव्हान्सने तिथे चौथ्या चालीला कॅसलिंग केले होते, मॅकडॉनेलने डी६ खेळले, आणि मग पाचव्या चालीला बी४ आले. आज आपण जो क्रम प्रमाण मानतो, चौथ्याच चालीला बी४, तो नंतर रुळला. शेवटची स्थिती तर पाठ करण्याजोगी आहे: काळा राजा सी७ वर ओढला गेला, ई६ वर पांढरा वजीर, एफ७ वर घोडा, आणि ए३ वरून आलेला उंट डी६ वर. ज्या तिरक्या रेघेचे वर वर्णन आले तिच्यावरूनच शेवटचा घाव बसला. आणि हरलेल्या मॅकडॉनेलने या चालीचा राग धरला नाही, तिला आपलेसे केले. १८३४ साली फ्रान्सच्या ला बूर्दोने याच्याशी लंडनमध्ये तो ओळीने सहा सामने, एकूण ८५ डाव खेळला, आणि त्यांत हा गॅम्बिट दोघांनीही एकमेकांवर चालवला. युरोपभर त्याचे नाव झाले ते या डावांमुळे.

पुढे १८५२ मध्ये बर्लिनला जर्मन खेळाडू अँडरसनने दुफ्रेन याच्याविरुद्ध जो डाव जिंकला आणि ज्याला जग सदाहरित डाव म्हणते, तो इव्हान्स गॅम्बिटच आहे. तिथे दुफ्रेनने सातव्या चालीला सी३ वरचे प्यादे न घेता आपले प्यादे डी३ वर ढकलले होते, तरी राजा मधेच अडकला आणि अँडरसनने वजिराचे बलिदान देऊन दोन उंटांनी मात केली. मला स्वतःला त्याहून भावतो तो १८९०-९१ चा तारेवरचा सामना. न्यूयॉर्कमध्ये जगज्जेता स्टाइनिट्झ आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये रशियाचा खेळाडू चिगोरिन, मधे अख्खा अटलांटिक महासागर, आणि चाली तारेने जायच्या. दोनपैकी एक डाव इव्हान्स गॅम्बिटचा होता, आणि दोन्ही चिगोरिनने जिंकले. टपालाच्या बोटीवरच्या कप्तानाची चाल तारेतून समुद्रापार गेली हा विचार मला आजही सुखावतो.

गॅम्बिट हा शब्दही त्या चालीइतकाच जिवंत आहे. इटालियन भाषेत गांबा म्हणजे पाय, आणि गांबेट्टो म्हणजे कुस्तीत पायात पाय घालून पाडणे, आपल्या आखाड्यातल्या टांगेसारखे. स्पेनमधला धर्मगुरू रुय लोपेझ याने १५६१ साली हा शब्द बुद्धिबळात आणला. आणि इव्हान्सने ज्या सुरुवातीत ही टांग मारली तिचे इटालियन नाव जिओको पियानो, म्हणजे शांत डाव.

आता थोडे आपल्याकडचे. माझे आजोबा महालातल्या आमच्या वाड्याच्या ओसरीवर देशी पद्धतीने खेळत. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके, कॅसलिंग नसे, आणि राजाला तोवर शह बसला नसेल तर त्याला आयुष्यात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई. आजोबांच्या त्या पटावर इव्हान्स गॅम्बिट संभवतच नाही. बी४ ला पोहोचायला दोन चाली लागल्या असत्या, आणि तेवढ्यात उंटाने आपली सोय पाहिली असती. प्याद्याला दोन घरांची मुभा युरोपात मध्ययुगात मिळाली, वजीर आणि उंट यांना आजचा लांब पल्ला पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिळाला, आणि त्यानंतरच प्यादे देऊन वेळ घेण्याचा हा व्यवहार परवडू लागला. खेळ भारतातून गेला, पण ही घाई त्यात वाटेत शिरली.

इव्हान्स १८७२ साली बेल्जियममधल्या ऑस्टेंड येथे वारला. त्याच्या थडग्यावरच्या लेखात दोन गोष्टींचा उल्लेख आहे: रात्री जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून त्याने आखलेली तीन रंगांच्या दिव्यांची पद्धत, आणि हा गॅम्बिट.

स्पर्धा-पंच, नागपूर

मी गेली काही वर्षे मुलांच्या स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करतो, त्यामुळे आधी एक छोटी सूचना. स्कोअरशीटवर चाली, घड्याळाची वेळ, बरोबरीचा प्रस्ताव आणि दाव्यासंबंधीच्या नोंदी यांखेरीज काहीही लिहू नये असा नियम आहे. तुमच्या लेकीची टिंबे निरागस आहेत, पण एखाद्या मोठ्या स्पर्धेत त्यावरून तिला टोकले जाऊ शकते, म्हणून ती सवय आताच सोडवावी.

आता मुख्य विषय. वरच्या दोन्ही उत्तरांबद्दल आदर बाळगून मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. २०२५ साली आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिने बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून शहरात पटाशी बसणाऱ्या मुलींचा उत्साह मी डोळ्यांनी पाहतो आहे, आणि तो फार मोलाचा आहे. पण त्याबरोबरच व्हिडिओ पाहून गॅम्बिट पाठ करून येणारी मुलेही वाढली आहेत. अशा मुलाच्या पटाजवळ मी उभा असतो. पहिल्या आठ चाली तो घड्याळाकडे न पाहता भराभर खेळतो. समोरच्या मुलीने बी४ वरचे प्यादे न घेता उंट बी६ वर नेला की त्याचा हात पटावर अधांतरी थांबतो, कारण व्हिडिओत हे नव्हते. म्हणून प्रशिक्षकांच्या सल्ल्याची किंमत मला सीताबर्डीच्या मित्रांपेक्षा अधिक वाटते. लास्करचा मार्ग उत्तम आहे, पण तो पचायला शेवटाच्या खेळाची समज लागते, आणि ती बाराव्या वर्षी प्रत्येकाकडे नसते.

आणखी एक. हा गॅम्बिट केवळ जुन्या पुस्तकातला राहिलेला नाही. १९९५ साली रिगा येथे माजी जगज्जेता मिखाईल ताल याच्या स्मरणार्थ झालेल्या स्पर्धेत तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोवने आपल्या विश्वनाथन आनंदविरुद्ध तो खेळला. आनंदने उंट ए५ ऐवजी ई७ वर नेला आणि घोडा ए५ वर आणून सी४ च्या उंटाला हटवले, म्हणजे हल्ल्याची धार कमी करण्याचाच प्रयत्न केला; तरीही त्याला कॅसलिंग करायला वेळ मिळाला नाही आणि पंचविसाव्या चालीला त्याने डाव सोडला. दोघे त्याच वर्षी पुढे न्यूयॉर्कमध्ये जगज्जेतेपदासाठी समोरासमोर बसले. आनंदसारख्या खेळाडूवर जी चाल चालली ती मुलांनी बचावाच्या बाजूने शिकण्याआधी पांढऱ्या बाजूने खेळून पाहावी असे मी सुचवीन. ज्याने स्वतः प्यादे देऊन पाहिले आहे त्यालाच समोरच्याला नेमकी कशाची घाई आहे हे कळते.

जुना स्पर्धक, सीताबर्डी

पंचांचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि तो माझ्या लक्षात यायला हवा होता. आधी पांढऱ्याने दहा डाव, मग लास्कर. उंट बी६ ला मी कमी लेखले नाही. घाबरून न घेणे आणि विचार करून न घेणे यांत फरक असावा एवढाच माझा आग्रह होता.

लेकीचा बाबा, धरमपेठ

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, मनःपूर्वक आभार. टिंबांचा नियम तिला सांगितला आणि तिने तो लगेच मान्य केला. काल रात्री जेवणानंतर आम्ही दोघांनी पट मांडला. आधी सात चाली मोजल्या. उंट तीनदा, प्यादे तीनदा, घोडा एकदा हे ती बोटांवर मोजत होती आणि सातवे बोट मिटल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मॅकडॉनेलचा डाव तिने दोनदा खेळवून घेतला. आपण त्याच्याहून एक चाल जास्त टिकलो याचे तिला अप्रूप वाटले.

मग लास्करचा मार्ग खेळलो. वजीर निघून गेल्यावर ए२ आणि सी३ वरची एकटी प्यादी तिनेच मला बोटाने दाखवली. पण त्यावर तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही: पांढऱ्याला हे सगळे ठाऊक असेल तर तो सातव्या चालीला कॅसलिंग करून मला उंट बी६ वर न्यायला वेळ कशाला देईल?

जुना स्पर्धक, सीताबर्डी

अगदी नेमक्या जागी बोट ठेवले तिने. मुरलेले खेळाडू तिथे वेळ देत नाहीत. ६... डी६ नंतर कॅसलिंग न करता ते ७. वजीर बी३ खेळतात आणि एफ७ वर लगेच दडपण आणतात. पुढची ओळ तिला वाचून दाखवू नका. पट मांडून द्या, घड्याळ लावू नका, आणि काळ्याची चाल तिला शोधू द्या. ७... वजीर डी७. ही चाल दिसायला अवघडलेली आहे, कारण त्यामुळे सी८ वरच्या उंटाची वाट अडते, म्हणून मुले ती आधी बाजूला टाकतात. पण एफ७ राखले जाते, वजीर उघड्यावर येऊन हाकलला जात नाही, आणि उंटाला बी६ वर जायला एक चाल मिळते. तिने दुसरे काही शोधले तर तेही इथे कळवा, आपण सगळे मिळून तपासू.